मधुमेह, पथ्य व इन्शुलिन : मुळशी पेट्याच्या निमित्तानें

(१)

राजे, लढाया व तहनामे एवढ्यांतच इतिहास संपत नाहीं, हें आतां नव्यानें सांगण्याची जरूरी उरलेली नाहीं. दप्तरें, जमाबंदीचे कागद व शिलालेख यांवरून जसा लोकजीवनाचा माग काढतां येतो, तसाच तो लोकांच्या अन्नावरून व आजारांवरूनहि काढतां येतो. प्रस्तुत लेखांत आम्ही मधुमेहाच्या उपचाराचा इतिहास पुणें जिल्ह्यांतील मुळशी पेट्याच्या निमित्तानें मांडणार आहोंत.

वैद्यकाचा विषय या पानांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, या रोगाविषयीं आज गांवोगांव जो वाद ऐकूं येतो, त्यांतील दोन्ही पक्ष इतिहासाचाच आधार घेतात. एक पक्ष म्हणतो : आमचे पूर्वज पथ्यानें व चालण्यानें हा रोग आटोक्यांत ठेवीत, लोकमान्य टिळकांनीं तुरुंगांतहि तो पथ्यावरच आवरला, मग सुई हवी कशाला? दुसरा म्हणतो : सुई निघाली तेव्हांच पथ्याचे दिवस संपले, आतां वाटेल तें खावें व टोचून घ्यावें. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्ध्याच इतिहासावर उभे आहेत. इतर वादांत अर्ध्या इतिहासानें फार तर एखाद्या घराण्याची वंशावळ चुकते. येथें त्यानें माणूस दगावतो. म्हणून उपलब्ध माहिती एकत्र करून तिचा निष्कर्ष काय निघतो, हें पाहणें अवश्य आहे.

मुळशीचें निमित्त आम्हीं घेतलें तें एका कालसंयोगामुळें. ता. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मुळशीच्या मावळ्यांनीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. त्यानंतर महिनाभरानें, ता. १७ मे १९२१ रोजीं, कानडा देशांतील टोरांटो शहरीं बँटिंग व बेस्ट या दोघांनीं इन्शुलिनच्या शोधाचे प्रयोग आरंभिले. या दोन घटनांचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध कांहीं एक नाहीं, हें आम्ही प्रथमच सांगून टाकतों. परंतु मुळशीच्या आजच्या मधुमेही माणसाच्या आयुष्यांत या दोन्ही घटनांचे परिणाम एकत्र आले आहेत, तें पुढें दाखवूं.

(२)

आपल्या वैद्यकांत या रोगवर्गाचें नांव प्रमेह. चरकानें प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत. कफापासून दहा, पित्तापासून सहा व वातापासून चार. मधुमेह हा वातजांपैकीं एक असून तो असाध्य मानला आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हेंहि प्राचीनांनीं टिपलें आहे. युरोपांत मूत्राच्या गोडीची नोंद टॉमस विलिस यानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत केली, व ती गोडी साखरेची होय हें मॅथ्यू डॉब्सन यानें १७७६ सालीं दाखविलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्या वैद्यांच्या निरीक्षणाचें मोल कळून येतें.

सुश्रुतानें रोग्यांचे दोन भेद केले. एक जन्मतःच रोगाचें बीज घेऊन आलेला, तो बहुधा कृश. दुसरा अपथ्यानें रोग ओढवून घेतलेला, तो बहुधा स्थूल. कृशास पोषण द्यावें व स्थूलाचें शरीर हलकें करावें, असा दोघांचा उपचारहि त्यानें निरनिराळा सांगितला. आजचे डॉक्टर मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार मानतात. पहिल्या प्रकारांत, जो बहुधा मुलांत व तरुणांत दिसतो, स्वादुपिंडांतून इन्शुलिन पाझरणें जवळजवळ बंद पडतें. दुसऱ्यांत, जो बहुधा प्रौढांत दिसतो, इन्शुलिन असतें पण पुरें पडत नाहीं व त्याचा गुणहि शरीरास लागत नाहीं. सुश्रुताचे दोन भेद म्हणजे हेच दोन प्रकार, असें ठाम विधान करण्यास आम्ही धजत नाहीं. मात्र एकाच नांवाखालीं दोन भिन्न प्रकृतीचे रोगी येतात व एकाचें औषध दुसऱ्यास लागू पडत नाहीं, ही जाणीव त्या काळीं होती, एवढें निश्चित म्हणतां येतें. आजच्या वादांत नेमका याच गोष्टीचा विसर पडला आहे.

उपचारांत चरकानें यवास, म्हणजे सातूस, अग्रस्थान दिलें आहे. सुश्रुतानें निर्धन रोग्यास सांगितलेला उपाय तर प्रसिद्धच आहे : जोडा व छत्री टाकून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गांवीं एकच रात्र काढीत शंभर योजनें चालावें, अथवा विहीर खणावी. यांतील तत्त्व आजहि खरें ठरलें आहे. अन्न मोजकें असावें, धान्य भरड असावें, अंगमेहनत नित्य असावी, हें आजचा कोणताहि डॉक्टर सांगेल. परंतु अनवाणी चालण्याची आज्ञा मात्र आज पाळूं नये. दीर्घकाळच्या मधुमेहांत पायांच्या संवेदना मंद होतात, कांटा किंवा ठेंच लागलेली कळत नाहीं, जखम चिघळते व अखेर पाय कापण्याची वेळ येते. बखरींतील एखादें विधान आपण समकालीन पत्रांशीं ताडून पाहतों. पटलें तर घेतों, न पटलें तर सोडतों, आणि एक विधान चुकलें म्हणून सबंध बखर फेंकून देत नाहीं. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांसहि हाच न्याय लावला पाहिजे.

(३)

आतां पथ्यवादी पक्षाच्या मुख्य दाखल्याकडे, म्हणजे लोकमान्यांच्या उदाहरणाकडे, वळूं. ता. २२ जुलै १९०८ रोजीं त्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली व पुढें ती त्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत भोगली. तेथें मधुमेहानें त्यांस पीडिलें होतें, व आहाराचे कडक निर्बंध पाळून त्यांनीं तो सांभाळला. सरकारनें स्वयंपाकासाठीं त्यांस एक मराठी कैदी दिला होता. त्यांच्या त्या काळच्या आहाराच्या हकीकतींत सातूच्या पदार्थांचा उल्लेख येतो. चरकाचा यव येथें पुन्हां भेटतो. याच अवस्थेंत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत त्यांनीं गीतारहस्याचें लेखन केलें. जून १९१४ मध्यें सुटून आल्यावर त्यांनीं होमरूलची चळवळ उभारली, आणि १९१८ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षानंतर, चिरोलवरील खटल्यासाठीं विलायतेचा लांबचा प्रवास केला. मधुमेह जडलेल्या माणसानें संयमाच्या बळावर एवढें कार्य करावें, ही गोष्ट खरोखर असामान्य आहे.

पण या उदाहरणावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, हें नीट पाहिलें पाहिजे. प्रौढ वयांत जडलेल्या, म्हणजे ज्यांत शरीराचें स्वतःचें इन्शुलिन कांहीं अंशीं शिल्लक असतें अशा मधुमेहांत कडक पथ्यानें पुष्कळ साधतें, एवढें यावरून सिद्ध होतें. पथ्यानें रोग समूळ जातो, हें सिद्ध होत नाहीं. पथ्यानें सर्वच रोग्यांचें भागतें, हें तर मुळींच नाहीं. शिवाय एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. मंडालेस अन्न एकाच माणसासाठीं शिजत होतें, जेवणाची वेळ ठरलेली होती, आणि बाहेरचें कांहीं खाण्याचा प्रश्नच नव्हता. कुटुंबांत एका चुलीवर दहा माणसांचा भात शिजतो; तेथें एकट्या सासऱ्यासाठीं किंवा एकट्या सुनेसाठीं निराळें कोण करणार? लोकमान्यांचा निग्रह त्यांचा होता, पण त्याला सोय मिळाली ती तुरुंगाच्या शिस्तीची. पथ्य ही एकट्या रोग्याची बाब नसून सबंध घराची आहे, हा या उदाहरणाचा खरा बोध आम्हांस वाटतो.

ता. १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस सरदारगृहांत लोकमान्य निवर्तले. अखेरचें दुखणें तापाचें होतें. इन्शुलिन त्या वेळीं असतें तर ते आणखी जगते, असें कोणी म्हणतात. इतिहासांत ‘असतें तर’ यास पुरावा नसतो, म्हणून आम्ही त्या वाटेस जात नाहीं. मात्र एक कालगणना मांडणें योग्य होईल : लोकमान्यांच्या निधनानंतर अवघ्या सतरा महिन्यांनीं इन्शुलिन प्रथम माणसास टोचलें गेलें. लोकमान्यांपुढें पथ्य कीं इन्शुलिन असा प्रश्नच कधीं उभा राहिला नाहीं. त्यांनीं दोहोंतून पथ्य निवडलें नव्हतें. त्यांच्या हातीं तें एकच शस्त्र होतें. त्यांचें नांव घेऊन जे आज आपली सुई बंद करतात, ते त्यांच्यावर त्यांनीं कधीं न घेतलेला निर्णय लादतात.

(४)

इन्शुलिनपूर्व काळांत मुलांच्या मधुमेहाचें काय होत असे, हें आज बहुतेकांच्या स्मरणांतून गेलें आहे. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकतांच त्यास मधुमेह जडतो, असें दाखविलें. रोगाचें स्थान कळलें. औषध मात्र पुढें तीस वर्षें हातीं आलें नाहीं. या मधल्या काळांत अमेरिकेंतील डॉ. ॲलन यांनीं उपासाची पद्धति काढली. रोग्यास जेमतेम जगण्यापुरतें अन्न द्यावयाचें, म्हणजे रक्तांतील साखर चढत नाहीं. पथ्याची ही पराकाष्ठाच होती. मुलें त्यानें कांहीं महिने, क्वचित् वर्ष दोन वर्षें जास्त जगत. पण हाडांचा सांपळा होऊन जगत.

टोरांटोस बँटिंग व बेस्ट यांनीं प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेंत स्वादुपिंडापासून अर्क काढला, व पुढें रसायनज्ञ कॉलिप त्यांस येऊन मिळाला. ता. ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तो अर्क प्रथम टोचला. त्याचें वजन सुमारें तीस किलो उरलें होतें. पहिल्या सुईनें फारसा गुण आला नाहीं, उलट टोचल्या जागीं गळूं झालें. ता. २३ रोजीं कॉलिपनें शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हां रक्तांतील साखर झपाट्यानें उतरली व मुलगा सावरूं लागला. तो पुढें तेरा वर्षें जगला. १९२३ सालीं बँटिंग व मॅक्लाउड यांस नोबेल पारितोषिक मिळालें. शोधाचें पेटंट संशोधकांनीं टोरांटोच्या विद्यापीठास प्रत्येकीं एक डॉलर घेऊन देऊन टाकलें.

याच वर्षींचें आणखी एक उदाहरण आमच्या विषयास अधिक उपयोगी आहे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिला १९१९ सालीं मधुमेह झाला. डॉ. ॲलन यांच्या उपासपद्धतीवर ती तीन वर्षें कशीबशी तगली. ऑगस्ट १९२२ मध्यें ती टोरांटोस पोंचली तेव्हां तिचें वजन वीस किलोंच्या आसपास होतें. तेथें तिला इन्शुलिन सुरू झालें. ती पुढें शिकली, संसार केला, आणि १९८१ पर्यंत जगली. पथ्य नसतें तर ती इन्शुलिन निघेपर्यंत टिकली नसती; इन्शुलिन नसतें तर तें पथ्य तिला उपाशी मारूनच संपलें असतें. दोहोंचें नातें याहून स्पष्ट करणारा दाखला आम्हांस दुसरा माहीत नाहीं.

इन्शुलिनबरोबर एक नवें संकटहि आलें, व तें पहिल्या वर्षींच ध्यानांत आलें. मात्रा अधिक झाली, किंवा टोचून घेऊन जेवण राहिलें, तर रक्तांतील साखर बेताबाहेर उतरते व रोगी बेशुद्ध पडतो. म्हणजे औषधानें पथ्याची गरज संपविली नाहींच. उलट वेळेवर व मोजून जेवण्याची गरज अधिकच वाढविली. बोस्टनचे डॉ. जॉस्लिन यांनीं रोग्यांसाठीं लिहिलेलें मार्गदर्शक पुस्तक १९१८ सालींच निघालें होतें. पुढें त्यांनीं इन्शुलिन, आहार व व्यायाम यांस एका रथाच्या तीन घोड्यांची उपमा दिली. हा रथ हांकणारा रोगी स्वतः असला पाहिजे व त्यास तें शिकविणें हें डॉक्टरचें काम होय, असें त्यांचें मत होतें. आपल्याकडे याच विचारानें १९५५ सालीं मुंबईस डॉ. एस्. एस्. आजगांवकर यांच्या पुढाकारानें मधुमेही रुग्णांसाठीं अखिल भारतीय संस्था निघाली. या इतिहासांतून निघणारा सिद्धांत एकच : पथ्य, औषध व जाणत्याचा सल्ला हीं तिन्हीं मिळून एक उपचार होतो, त्यांतून एक निवडण्याचा अधिकार रोगानें कोणास दिलेला नाहीं.

(५)

आतां मुळशीकडे येऊं. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून तें पाणी सह्याद्रीवरून खालीं कोंकणांत भिरा येथें सोडावयाचें व त्यावर वीज काढून ती मुंबईस न्यावयाची, अशी टाटांची योजना होती. तींत पन्नासांच्या आसपास गांवांची जमीन जात होती, व ती खोऱ्यांतील भाताची कसदार जमीन होती. सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींनीं हा लढा चालविला. बापटांस ‘सेनापति’ हें नांव याच लढ्यानें दिलें. १९२४ अखेर लढा संपला व १९२७ च्या सुमारास धरण पुरें झालें. याचा राजकीय इतिहास अनेकांनीं लिहिला आहे. आम्हांस येथें त्यांतील अन्नाचा भाग पाहावयाचा आहे.

मुळशीचा मावळ म्हणजे भाताचा मुलूख. येथील आंबेमोहोराचा वास पुण्याच्या घराघरांत परिचित आहे. खांचरांत भात आणि डोंगरउतारावर नाचणी व वरई, अशी येथील पिकांची जुनी वांटणी. पावसांत चिखलणी व लावणी, पुढें कापणी व झोडणी, आणि एरवीं डोंगर चढणें उतरणें. असल्या कष्टांत ताटभर भातहि जिरून जात असे. ज्यांच्या खांचरांवर पाणी चढलें त्यांस उतारावर, परगांवीं किंवा शहराकडे जावें लागलें. पुढें गेल्या पंचवीसतीस वर्षांत तालुक्याच्या पूर्व भागांत, हिंजवडी व पिरंगुटाकडे, कारखाने व संगणकाच्या कचेऱ्या आल्या. जमिनी विकल्या गेल्या. चालणें गेलें व गाडी आली. ताटांतील भात मात्र तेवढाच राहिला, व त्यास बाजारच्या गोड पदार्थांची भर पडली.

याच्याशीं पुण्यांतच झालेलें एक संशोधन ताडून पाहण्याजोगें आहे. के. ई. एम्. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांचीं बालकें यांचा अभ्यास केला. बालकांचें जन्मवजन सरासरीनें सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें सुमारें ३.५ किलो होतें. पण चमत्कार असा कीं, आपल्या बालकांचे स्नायू व अवयव जेवढे बारीक होते, तेवढी त्यांची चरबी कमी नव्हती. अंगानें बारीक, पण चरबीच्या प्रमाणानें स्थूल, असें हें बालक. आईच्या पिढीची उपासमार मुलाच्या देहांत अशी उतरते, आणि त्या देहास पुढें सुकाळ व बैठें काम लाभलें कीं मधुमेहास वाट मिळते, असा या अभ्यासाचा रोख आहे. सुश्रुताच्या कृश व स्थूल या दोन भेदांच्या मधली ही तिसरीच अवस्था म्हणतां येईल. तीं सहा खेडीं मुळशींतील नव्हेत. म्हणून तो निष्कर्ष मावळास लावणें हें अनुमान आहे, प्रत्यक्ष प्रमाण नव्हे. परंतु पिढ्यान् पिढ्या अर्धपोटीं राहून कष्ट केलेल्या व नंतर एका पिढींत बैठ्या झालेल्या लोकसमूहाविषयीं तें अनुमान असंभवनीय नाहीं. म्हणूनच ‘मी बारीक आहे, मला मधुमेह कसा होईल?’ या समजुतीवर येथें कोणीं विसंबूं नये.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणींत देशांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें १० कोटी १० लक्ष निघाली. प्रौढांत शंभरीं ११ हून थोडें अधिक. शहरांत प्रमाण जास्त, खेड्यांत कमी. पण खेड्यांतहि तें शंभरीं ९ च्या जवळ आहे. तेव्हां हा केवळ पेठांतील श्रीमंतांचा रोग, ही जुनी समजूतहि टाकून दिली पाहिजे.

आणखी एका बाबतींत धरण व इन्शुलिन यांची गांठ पडते. इन्शुलिन उष्णतेनें निकामी होतें, म्हणून न उघडलेली कुपी २ ते ८ अंश उष्णमानांत ठेवावी लागते. त्यास शीतपेटी हवी व शीतपेटीस वीज हवी. मुळशीच्या पाण्याची वीज निघाली ती मुंबईच्या गिरण्या व आगगाड्या यांकरितां. डोंगराच्या कुशींतल्या वाडीवर वादळवाऱ्यांत वीज गेली, तर तेथील रोग्यास आजहि मातीच्या मडक्याचाच आधार घ्यावा लागतो. एका मडक्यांत दुसरें लहान मडकें, मध्यें ओली वाळू, वर ओला फडका, व आंत कोरड्या डब्यांत कुपी. ही युक्ति तपासून पाहिलेली आहे, व उन्हाळ्यांत ती कुपी बाहेरच्या हवेपेक्षां थंड राखते. ज्या पाण्याच्या विजेनें शहर उजळलें, त्याच पाण्याच्या कांठीं औषध मडक्यांत ठेवावें लागावें, ही गोष्ट इतिहासकारानें नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

(६)

येथवरच्या विवेचनावरून व्यवहारासाठीं जें निघतें, तें आतां सांगतों. हें डॉक्टरच्या सल्ल्याऐवजीं नव्हे. तो सल्ला कां घ्यावा व कसा पाळावा, हें कळावें म्हणून आहे.

मुलास किंवा तरुणास पहिल्या प्रकारचा मधुमेह असेल, तर त्याचें इन्शुलिन एक दिवसहि बंद करूं नये. पाला, काढा, उपास किंवा अंगारा यांच्या भरंवशावर तें बंद केल्यास थोड्याच दिवसांत उलट्या, खोल व जलद श्वास, तोंडास फळासारखा वास व गुंगी हीं लक्षणें दिसूं लागतात. त्या वेळीं घरीं न थांबतां रुग्णालय गांठावें. ताप आला, अन्न गेलें नाहीं, तरी सुई आपल्या मनानें सोडूं नये. ताप असतां गरज बहुधा वाढते. दुसऱ्या प्रकारांत मात्र आहार, वजन व व्यायाम सुधारल्यावर कित्येकांचें औषध कमी करतां येतें. पण तें रक्त तपासून डॉक्टरनें कमी करावयाचें असतें. शेजाऱ्याचें कमी झालें म्हणून आपलें नव्हे.

साखर उतरल्याचीं लक्षणें सबंध घरास ठाऊक असावीं : दरदरून घाम, हातांस कंप, छातींत धडधड, एकाएकीं भूक, बोलण्यांत घोंटाळा. अशा वेळीं तीन चमचे साखर पाण्यांत कालवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें, व बरें वाटतांच कांहीं खावयास द्यावें. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं ओतूं नये, तें श्वासनलिकेंत जातें; त्यास तांतडीनें रुग्णालयांत न्यावें. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलांत राबणाराची किंवा पंढरीची वाट चालणाराची साखर नेहमींपेक्षां लवकर उतरते. म्हणून हंगामापूर्वीं व वारीपूर्वीं मात्रा विचारून घ्यावी, आणि कनवटीस साखरेची पुडी असावी.

उपासांचीहि गोष्ट तीच. टोचून घेऊन निरंकार राहणें धोक्याचें. आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीप्रमाणें साबुदाणा, बटाटा व केळीं यांवर ताव मारणें दुसऱ्या बाजूनें धोक्याचें. व्रताचा संकल्प करण्यापूर्वीं डॉक्टरचा विचार घेतल्यानें व्रतास कमीपणा येत नाहीं. आहारांत भात वर्ज्यच करावा असें नाहीं. तो मोजून घ्यावा, व ताटांत डाळ, उसळ व पालेभाजी यांचा वांटा वाढवावा. नाचणी बरी, पण तींतहि पिष्ट आहेच. ती वाटेल तितकी खाण्याची मुभा नव्हे. गूळ हा साखरेचाच भाऊ होय.

सुईच्या बाबतींत एक चूक फार घातक आहे. आपल्या देशांत कुपींतलें इन्शुलिन मुख्यतः दोन तीव्रतेचें मिळतें; एका मिलिलिटरांत ४० युनिटें असलेलें व १०० युनिटें असलेलें. प्रत्येकाची पिचकारी निराळी. १०० युनिटांचें औषध ४० च्या पिचकारीनें घेतल्यास मात्रा अडीचपट होते. तेव्हां दुकानांतून घेतांना कुपी व पिचकारी दोन्हींवरचा आंकडा वाचून जुळवावा. टोचण्याची जागा बदलीत जावी. कुपी गोठूं देऊं नये. एकदां गोठलेली कुपी पुन्हां पातळ झाली तरी फेंकून द्यावी. उघडलेली कुपी सुमारें चार आठवडे चालते. तिच्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी वेळोवेळीं करावी, डोळे व मूत्रपिंड वर्षांतून एकदां तपासून घ्यावे, आणि पाय रोज स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावे.

(७)

सारांश, प्राचीन वैद्यांनीं रोग ओळखला व पथ्य सांगितलें. लोकमान्यांनीं त्या पथ्याचें सामर्थ्य दाखविलें. टोरांटोच्या संशोधकांनीं पथ्याची जेथें हद्द संपते तेथून पुढची वाट काढली. हे एकाच कामाचे टप्पे आहेत. त्यांतील मागल्या टप्प्याचा अभिमान धरून पुढला नाकारणें, किंवा पुढल्याच्या भरंवशावर मागला विसरणें, यांत इतिहासाचा आदर नाहीं व शहाणपणहि नाहीं.

मुळशी पेट्यापुरतें बोलावयाचें, तर या विषयाचीं स्थानिक साधनें अद्याप गोळा व्हावयाचीं आहेत. पौड व मुळशीकडील जुन्या वैद्यांच्या वह्या, औषधांच्या याद्या, धरणाच्या वेळीं विस्थापित झालेल्या कुटुंबांचीं पत्रें, घरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांत प्रमेहाचा किंवा पथ्याचा उल्लेख सांपडल्यास वाचकांनीं तो उतरून ठेवावा. रोग्यांचीं नांवें मात्र वगळावीं. इतिहासाच्या या अंगास अजून फारसा कोणाचा हात लागलेला नाहीं. तो लागला, तर आमच्या या त्रोटक लेखांतील उणिवा आपोआप भरून निघतील, आणि त्यांत आम्हांस आनंदच आहे.